नव्याने विश्वासात आलात? मग या चुका टाळा

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, नव्याने ख्रिस्ती विश्वासात आलेल्यांचा वर्ग मी बरीच वर्षं घेते आहे. सोलापुरातली सगळ्या तऱ्हेची माणसं येतात. यंत्रमागावर रात्रपाळी करणारी, विड्या वळणाऱ्या बायका, एमआयडीसीतले हेल्पर, नर्सिंगच्या मुली, एखादे निवृत्त गुरुजी. माणसं बदलतात, चुका त्याच राहतात. आणि जवळजवळ प्रत्येक चुकीच्या मुळाशी मला घाई सापडते. प्रेषित पौलासारख्या विद्वान माणसाला प्रभू येशूने हाक मारली, तरी तो लगेच यरुशलेमेला जाऊन उभा राहिला नाही. आधी अरबस्तानात गेला, आणि तीन वर्षांनी प्रभूचा शिष्य पेत्र याला भेटायला गेला. हे त्याने स्वतःच गलतीकरांस पत्रात लिहिलंय. आपल्याकडे मात्र पहिल्या महिन्यात सगळं शास्त्र, म्हणजे बायबल, कळायला हवं, दुसऱ्या महिन्यात सगळं घर बदलायला हवं आणि तिसऱ्या महिन्यात हातात माइक हवा.

घरात भांडण पेटवणं

ही चूक सगळ्यात आधी घेते, कारण हिचं नुकसान भरून यायला वर्षं जातात.

पूर्व भागातला एक मुलगा होता, बावीस-तेवीस वर्षांचा. घरी तेलुगू बोलायचे. वडील मागावर, आई विड्या वळणारी. मुलाला दारू होती. प्रार्थनेला यायला लागला आणि दारू सुटली. खरोखर सुटली, आम्ही सगळ्यांनी पाहिलं. इथपर्यंत सगळं चांगलं होतं. मग जानेवारीत गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा आली. घरात पाहुणे जमलेले, बायका अक्षता सोहळ्याला निघण्याच्या गडबडीत. या मुलाने सगळ्यांच्या देखत आईला सांगितलं, तुझे देव दगड आहेत. तेवढ्यावर थांबला नाही. देवघरातल्या मूर्ती पिशवीत भरल्या आणि बाहेर कट्ट्यावर नेऊन ठेवल्या. वडिलांनी दंडाला धरून त्याला घराबाहेर काढलं. आई म्हणाली, "दारू पीत होतास तेव्हा निदान घरात तरी होतास."

रात्री तो माझ्या दारात उभा. तोंडावर दुःख नाही, उलट आनंद. "अक्का, प्रभूसाठी घर सोडून आलो."

मी त्याला आत घेतलं, जेवायला वाढलं, आणि जेवण झाल्यावर शास्त्र उघडून समोर बसवलं. प्रेषितांची कृत्ये, सतरावा अध्याय. अथेन्स शहर मूर्तींनी भरलेलं पाहून पौलाचा जीव तळमळला, पण त्याने एकाही मूर्तीला हात लावला नाही. 'अज्ञात देवाला' अशी अक्षरं कोरलेली त्यांचीच एक वेदी धरून त्याने बोलायला सुरुवात केली. मग एकोणिसावा अध्याय. इफिसात अर्तमी देवीवरून दंगल उसळली, तेव्हा पौलाच्या सोबत्यांना कोणी सोडवलं? शहराच्या लेखकाने, म्हणजे तिथल्या कारभारी कारकुनाने. तो गर्दीला म्हणाला, या माणसांनी देऊळ लुटलेलं नाही आणि आपल्या देवीची निंदाही केलेली नाही. देवी मानणारा माणूस विश्वासी लोकांच्या वागण्याची अशी ग्वाही देतो. तुझ्याबद्दल तुझ्या गल्लीतलं कोण अशी ग्वाही देईल, असं मी त्याला विचारलं. तो गप्प बसला.

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, स्वतः त्याला घेऊन त्याच्या घरी गेले. पहिली माफी पाळकसाहेबांनी मागितली, मग मुलाने. विश्वासाबद्दल माफी मागायची नव्हती, वागण्याबद्दल मागायची होती, आणि हा फरक त्याला गाडीवरच समजावून झाला होता. मग त्याला नेमून दिलेलं काम असं: सहा महिने घरात विश्वासाबद्दल एक शब्द बोलायचा नाही. चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येतं, रात्री दोनला येवो की पहाटे चारला, आईच्या आधी उठून भरायचं. तयार विड्या कारखान्यात पोचवायच्या. पगाराचं पाकीट न फोडता आईच्या हातात द्यायचं. तो चिडला. "मग सुवार्ता कधी सांगायची?" मी त्याला पेत्राच्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय दाखवला. तिथे विश्वासी बायकांना सांगितलंय की नवरा वचन मानत नसेल, तर तुमचं वागणं बघून शब्दावाचून तो मिळवला जावा. नवऱ्याला शब्दावाचून मिळवता येत असेल, तर आईलाही येईल.

वडील त्याच्याशी नीट बोलायला लागले ते पावसाळा सरता सरता. आई आजही सिद्धेश्वराला जाते. पण रविवारी त्याला उपासनेला उशीर होऊ नये म्हणून सकाळचा चहा लवकर टाकते. ती विश्वासात आलेली नाही, आणि म्हणून त्याचं काम वाया गेलं असं मी मुळीच मानत नाही. आईबापाचा मान राखण्याची आज्ञा दहा आज्ञांमध्ये आहे आणि ती आईबाप विश्वासात असोत किंवा नसोत, सारखीच लागू आहे.

ज्यांना इतका धीर धरवत नाही त्यांना मी टिळकांच्या घरातली गोष्ट सांगते. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यासोबत नव्हत्या. काही वर्षं दोघं वेगळे राहिले. त्या परतल्या तेव्हाही आपलं सोवळंओवळं सांभाळूनच परतल्या. पुढे १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःचा निर्णय म्हणून. टिळकांसारख्या शब्दप्रभूलाही घरातल्या माणसासाठी वाट पाहावी लागली.

प्रसादाचं नेहमी विचारतात. शेजारीण ताट घेऊन दारात आली की हात जोडायचे, "मावशी, मी घेत नाही, पण तुम्ही आठवणीने आणलंत, बसा, चहा घ्या" एवढं म्हणायचं. दारात प्रवचन द्यायचं नाही. करिंथकरांस पहिल्या पत्रातले आठवा आणि दहावा हे दोन अध्याय सलग वाचा, पौल या प्रश्नावर किती जपून बोलतो ते कळेल. आणि भाच्याला घेऊन गड्ड्यात पाळण्यात बसलात तर तुमचं तारण, म्हणजे उद्धार, जात नाही.

औषधं बंद करणं

एका बाईला साखरेचा आजार. चंगाई सभेला, म्हणजे आजार बरे व्हावेत म्हणून प्रार्थना होते त्या सभेला गेल्या, डोक्यावर हात ठेवला गेला, बरं वाटलं, आणि घरी येऊन गोळ्या बंद. का, तर गोळी घेतली म्हणजे अविश्वास दाखवला. घरात कुणाला बोलल्या नाहीत, वर्गातही नाही. पायाला लहानशी जखम झाली, ती चिघळली, आणि शेवटी पायाचं बोट काढावं लागलं. ज्यांच्या सभेला त्या गेल्या होत्या ते तोवर दुसऱ्या गावी सभा घेत होते. दवाखान्यात रात्री उशाशी बसली ती त्यांची सून, जी आजवर मंडळीत पाऊल ठेवत नाही.

मला या गोष्टीचा अजून संताप येतो. प्रभू बरं करतो यावर माझा पूर्ण विश्वास आहे, मी आजाऱ्यांसाठी रोज प्रार्थना करते. पण पौलाच्या सोबत फिरणारा लूक हा वैद्य होता, कलस्सैकरांस पत्रात त्याचा 'प्रिय वैद्य' असा उल्लेख आहे. आपला सहकारी तीमथ्य याच्या पोटाच्या तक्रारीवर पौलाने थोडा द्राक्षारस घेण्याचा उपाय सांगितला. सोबती त्रफिमाला तो मिलेत इथे आजारी ठेवून पुढे गेला. या माणसांचा विश्वास कमी होता असं कोण म्हणेल? आपल्या शेजारच्या मिरजेत डॉ. वानलेस यांनी १८९४ साली दवाखाना उभा केला तो प्रभूची सेवा म्हणूनच. शस्त्रक्रिया करणारे हात आणि प्रार्थनेत जोडलेले हात तिथे एकाच माणसाचे होते.

माझी सवय अशी की वर्गात नवीन माणूस आला की नाव-गाव झाल्यावर विचारते, "गोळ्या कुठल्या चालू आहेत?" साखर, रक्तदाब, फिट, टीबी, डोक्याची औषधं. टीबीची औषधं अर्धवट सोडली तर आजार औषधांना दाद देईनासा होतो आणि घरातल्या लेकरांनाही धोका होतो. बरं झालोय असं वाटत असेल तर तपासणी करा, रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा, डॉक्टरांनी गोळी बंद केली की मंडळीत उभं राहून साक्ष द्या, प्रभूने काय केलं ते सांगा. त्या साक्षीला सगळ्यात मोठ्याने आमेन मी म्हणेन.

शास्त्र पहिल्या पानापासून वाचायला घेणं

उत्पत्ती आवडीने वाचतात, निर्गम अर्ध्यापर्यंत जातं, निवासमंडपाची मापं आली की रेंगाळतात, आणि लेवीयमध्ये पुस्तक मिटतं ते मिटतंच. ६६ पुस्तकांचा हा ग्रंथ आहे. नव्या करारातल्या मार्कपासून सुरू करा. १६ अध्याय आहेत, रोज एक वाचला तरी महिन्याभरात जवळजवळ दोनदा होईल, आणि दोनदा वाचाच. मग लूक, त्याला जोडून प्रेषितांची कृत्ये, कारण ती एकाच लेखकाची आहेत. सोबत स्तोत्रसंहितेतलं रोज एक स्तोत्र. प्रकटीकरण पहिल्या वर्षी राहू द्या. मोबाइलवर वाचणाऱ्यांचं वाचन नोटिफिकेशन आलं की संपतं, म्हणून मी छापील प्रत घ्यायला लावते आणि शेजारी वही. वहीत एकच ओळ लिहायची, पण रोज.

आणि घरात तेलुगू किंवा कन्नड बोलत असाल तर त्याच भाषेतलं शास्त्र घ्या. सोलापुरात याची लाज कशाला? आई ज्या भाषेत रागावते त्या भाषेत वचन आत उतरतं.

प्रार्थनेचंही तसंच. नवीन माणूस दोन आठवड्यांत पाळकांचे शब्द उचलतो आणि "हे स्वर्गीय, दयाघन, परमकृपाळू पित्या" असं सुरू करून मध्येच अडकतो. मग म्हणतो, मला प्रार्थना येत नाही. तुमच्या साध्या बोलीत बोला. "बापा, आज मालकाने परत खाडा धरला, घरी काय सांगू" ही पूर्ण प्रार्थना आहे.

दर रविवारी नवी मंडळी

एका महिन्यात चार ठिकाणी जाणाऱ्याला कुठेच कुणी ओळखत नाही, आणि ओळखत नाही म्हणून तो आठवडाभर आला नाही तरी कुणी विचारत नाही. एक मंडळी धरा, वर्षभर तिथेच बसा. तिथली माणसं तुम्हाला खटकतील. खटकू द्या.

यूट्यूबवरचे संदेश ऐकू नका असं मी म्हणत नाही. पण बिरुया गावातल्या लोकांनी पौलाचं बोलणंसुद्धा रोज शास्त्रात पडताळून पाहिलं. तुम्ही मोबाइलमधल्या माणसाचं तरी पडताळा. आणि जो तुमचं नाव न विचारता तुमची भविष्यवाणी करतो त्याला पैसे पाठवू नका.

कर्ज काढून अर्पण देऊ नका. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असताना पाण्यावाचून उपास करून मागावर उभे राहू नका. पहिल्याच महिन्यात स्टेजवर साक्ष द्यायला कुणी उभं केलं तर नाही म्हणा.

बाप्तिस्म्याची घाई

इथे माझ्याशी वाद घालणारे मला प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायातला इथिओपियाचा अधिकारी दाखवतात. रथातून उतरला आणि तिथल्या तिथे बाप्तिस्मा झाला. खरं आहे. पण तो आधीपासून यशया वाचत होता, अर्थ विचारत होता, आणि पाणी दिसल्यावर त्याने स्वतः मागितलं. मित्राने घेतला म्हणून, लग्न जमतंय म्हणून, कुणी फीचं बघतो म्हणाला म्हणून घेतलेल्या बाप्तिस्म्याचं काय? असं काही कानावर आलं तर मी पाळकांकडे जाऊन तो थांबवते. आमिषावर आलेला माणूस आमिष संपलं की जातो, आणि सगळ्यांची मान खाली घालून जातो.

पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. संस्कृतची एवढी गाढी विदुषी, समजून-उमजून घेतलेला निर्णय. तरी पुढे त्यांनी लिहून ठेवलं की ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त स्वतः भेटला तो त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी. पुण्याच्या गाडीत दौंड सोडल्यावर केडगाव लागतं, तिथेच त्यांचं मुक्ती मिशन आहे. वर्गातल्या मुलींना मी ते दाखवायला नेते.

एक व्यवहाराची गोष्ट बाप्तिस्म्याआधीच बोलून घ्या, कारण ती कुणी सांगत नाही आणि मग मुलांच्या ॲडमिशनच्या वेळी घरात रडारड होते. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच मिळतो. ख्रिस्ती झाल्यावर तो मिळत नाही. हा नियम अन्यायाचा आहे असं मला वाटतं. पण एक धर्म कागदावर आणि दुसरा मनात असं दुहेरी जगायला मी कुणाला शिकवणार नाही. लूकच्या चौदाव्या अध्यायात बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशेब करायला प्रभूनेच सांगितलंय. नवरा-बायकोने मिळून बसा, वकिलाला विचारा, मग ठरवा. मंडळी थांबायला तयार आहे.

पडल्यावर तोंड लपवणं

लग्नात मित्रांनी पाजली, किंवा तंबाखूची पुडी परत खिशात आली, किंवा बायकोवर हात उगारला. मग माणूस एक रविवार चुकवतो, मग दुसरा. फोन उचलत नाही. त्याला वाटतं, नीट झाल्यावर जाऊ. आजवर मी पाहिलेल्यांमध्ये एकटा घरी बसून नीट झालेला कुणी नाही. योहानाच्या पहिल्या पत्रातलं पहिल्या अध्यायाचं नववं वचन मी प्रत्येकाकडून पाठ करून घेते ते याच दिवसासाठी. पाप कबूल केलं तर क्षमा करायला तो विश्वसनीय आणि न्यायी आहे.

म्हणून शनिवारी रात्री पडलात तर रविवारी सकाळी या. दाढी केलेली नसली तरी या, मागच्या बाकावर बसा, उपासना झाल्यावर निघून जाऊ नका, पाळकांना किंवा मला गाठा. बायकोवर हात उगारला असेल तर आधी तिची माफी मागा, मग उपासनेला या. प्यायला असाल तर तेही घरून निघण्याआधी तिला खरं सांगा, ती मंडळीत येत नसली तरी.