नेदरलँड्सला नवीन आलाय? सायकलची सीट आधी बाहेर काढून बघा

दर सप्टेंबरला इकडे नवीन मंडळी येतात, कोणी शिकायला कोणी नोकरीला, आणि पहिल्या पंधरा दिवसांत प्रत्येकजण सायकल घेतोच कारण त्याशिवाय इथे पान हलत नाही. मी डेल्फ्टमध्ये १२ वर्षं आहे. सायकल कुठून घ्यायची, कुलूप कसलं, हे सगळे सांगतात, पण लोखंडी फ्रेम गंजून आतून खलास होते ते कोणी सांगत नाही म्हणून हे सविस्तर लिहितोय.

माझी पहिली सायकल म्हणजे ७० युरोंची जुनी काळी ओमाफीट्स (इथली साधी, सरळ बसून चालवायची सायकल), दोन हिवाळे बाहेर रस्त्यावरच्या स्टँडला उभी होती आणि रंग वरून अगदी छान. तिसऱ्या वर्षी माझा भाऊ आला, तो माझ्यापेक्षा उंच, त्याच्यासाठी सीट वर करायला गेलो तर सीट पिलर, म्हणजे सीटखालचा दांडा, हलेचना. तेल टाकलं, हातोडीने ठोकलं, काही नाही. शेवटी सायकल दुकानवाल्याने तो करवतीने कापला आणि फ्रेम उलटी केली तर आतून लाल चिखल पडला, खाली पेडलच्या एक्सलजवळ त्याने स्क्रू ड्रायव्हर दाबला तर तो पत्र्यातून आरपार गेला. मला फार वाईट वाटलं, कारण हे सगळं वर्षाच्या एका तासाच्या कामाने टळलं असतं.

पाणी आत जातं कुठून? मुख्य म्हणजे सीट पिलर फ्रेममध्ये जिथे शिरतो तिथून, मागचं चाक त्याच जागेवर पाणी उडवतं, शिवाय बोल्टच्या भोकांतून. आणि ते साठतं सगळ्यात खाली, म्हणजे पेडलचा एक्सल ज्या नळीत बसतो तिथे. वरून कितीही पुसा, तिथपर्यंत फडकं पोचतच नाही. लोखंडाचा गंज खपलीसारखा सुटत जातो आणि खालचं नवीन लोखंड पुन्हा उघडं पडतं, म्हणून तो आपोआप थांबत नाही. त्यात इथे थंडीत बर्फ पडायच्या आधीच रस्त्यांवर आणि सायकल ट्रॅकवर मीठ टाकतात, आणि मिठाचं पाणी लागलं की गंजायचा वेग खूप वाढतो. कोकणातल्यांना हे सांगायला नको, पावसाळ्याआधी खिडक्यांच्या गजांना रेड ऑक्साइड का मारतात ते त्यांना माहीतच आहे. हेगला किंवा स्खेवेनिंगनला समुद्राजवळ राहणार असाल तर खारा वारा बारा महिने.

जुनी घेताना खिशात फ्रिजचा मॅग्नेट ठेवा, चिकटला तर लोखंडी. मग सीट काढून दाखवायला सांगा. पिलर निघत नसेल तर ती सायकल घेऊ नका, विकणारा कितीही गोड बोलू दे. रंगाला फुगे आले असतील तर नखाने दाबून बघा, खाली पोकळ लागलं तर तिथे गंज पसरलेला आहे. एक्सलच्या नळीखाली आणि मागचं चाक बसतं त्या कोपऱ्यात जरूर बघा. नुसता वरचा तांबूस डाग असेल तर घाबरायचं कारण नाही.

आता वर्षातून एकदाचं काम, सप्टेंबरच्या कोरड्या शनिवारी. पिलर किती वर आहे तिथे टेप लावा, नट सैल करा (बहुतेक १३ चा पाना लागतो), पिलर बाहेर काढा, आत मोबाईलचा टॉर्च मारून बघा, सायकल उलटी करून पाणी काढून टाका आणि रात्रभर घरात सुकू द्या. मग पिलरला ग्रीसचा पातळ थर लावून परत टेपपर्यंत बसवा. पिलर अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर ग्रीस अजिबात चुकवू नका, दोन वेगळे धातू ओले झाले की एकमेकांत असे जाम होतात की माझ्यासारखी करवत आणावी लागते. एक्सलच्या नळीच्या तळाला बारीक भोक असेल तर ते टाचणीने मोकळं ठेवा, पाणी निघायला तेच आहे.

फ्रेमच्या आत जवसाचं तेल सोडणं हा जुना आणि चांगला उपाय, इथे लाइनओली म्हणून हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, उकळलेलं घ्या, लवकर सुकतं. पण हे ओव्हरहॉलिंगच्या वेळी, म्हणजे सायकल पूर्ण खोलून साफ करताना, एक्सल बाहेर असतानाच करा, नाहीतर तेल बेअरिंगमधल्या ग्रीसमध्ये उतरतं. दोन-तीन चमचे आत ओता, फ्रेम सगळीकडे फिरवा, उरलेलं निथळू द्या. आणि कृपया तेलाची फडकी चुरगळून कचऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात, पाण्यात भिजवा किंवा बाहेर पसरून वाळवा.

बाहेर रंग उडाला असेल तर पॉलिश पेपरने चकचकीत लोखंड लागेपर्यंत घासा, स्पिरिटसने (इथलं जळाऊ स्पिरिट) पुसा, गंजरोधक प्रायमर, मग रंगाचे दोन पातळ हात. गंजावरून थेट रंग मारला तर सहा महिन्यांत तो उचलून येतो. डब्ल्यूडी-४० च्या स्प्रेने गंजलेला नट सुटतो पण संरक्षण फार दिवस टिकत नाही, हिवाळाभर त्याच्या भरवशावर राहू नका.

मीठ टाकलेल्या रस्त्यावरून आलात की गरम घरात तशीच ओली आणू नका, उबेत गंज जोरात चालतो. आधी बादलीभर साध्या पाण्याने धुवा, प्रेशरचा पाइप नको, तो बेअरिंगमध्ये पाणी घुसवतो. मग पुसून चेनला तेल. आपल्याकडे पावसात ताडपत्री घालतात तसं पूर्ण झाकण इथे घालू नका, आत घाम धरतो आणि दिवसेंदिवस वाळत नाही. सीटपुरती पिशवी पुष्कळ झाली.

आणि डिसेंबरात महिनाभर भारतात जाणार असाल तर सायकल स्टेशनबाहेर सोडून जाऊ नका, इमारतीच्या बेर्खिंगमध्ये (सामान ठेवायच्या खोलीत) कोरडी करून ठेवा, स्वतःची अशी खोली नसेल तर शेजाऱ्यांना विचारा, मला तरी आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही.