पाणी कुठनं येतं ते आधी बघा

"सेंद्रिय करायचंय, गाय कुठली घेऊ?" नवीन पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला. मी उलट विचारतो, तुझ्या भातात पाणी कुठनं येतं?

आमचं शिवार कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अलीकडं. उतारावरचे तुकडे, वरच्या शेतातलं पाणी बांधाच्या तोंडातनं खालच्यात, तिथनं अजून खाली. मी पहिल्या वर्षी सगळ्यात खालचा तुकडा सेंद्रियला काढला, का तर तो घराजवळ! जुलैत वरच्या शेजाऱ्यानं युरिया टाकला, रात्री पाऊस कोसळला आणि चार दिवसांत माझं भात गर्द हिरवं. लोक म्हणाले, "शेण-गोमूत्राचं जीवामृत भारी लागलंय की ओ तुमचं." वर्ष वाया गेलं. मग गायरानाला लागून असलेला वरचा तुकडा धरला, बांधाकडेनं चर मारला.

दुसरी चूक शेणखताची. उकिरडा वरनं वाळलेला दिसला. हात घातला तर आत गरम, तरी पसरला. रताळी काढायला गेलो तर निम्म्यांना भोकं, मातीत हुमणीच्या पांढऱ्या अळ्या. कुजलेलं खत हाताला गार लागतं, मातीसारखा वास येतो. तसं नसेल तर थांबा.

जीवामृत सोपं आहे. २०० लिटर पाणी, १० किलो देशी गाईचं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो डाळीचं पीठ, बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवून दिवसातनं दोनदा काठीनं ढवळायचं, दोन दिवसांनी एकराला सोडायचं. पण ते विरजण आहे, दूध नव्हे. जमिनीत कुजणारं काही नसेल तर लागणार कशाला? म्हणून पावसाच्या तोंडावर ताग पेरून फुलावर आला की गाडतो, आणि भात कापलं की उरल्या ओलीवर मसूर. मसुराच्या मुळावरच्या गाठी हवेतलं नत्र धरतात.

कागदाचं काम पहिल्याच दिवशी सुरू करा. प्रमाणपत्राच्या नियमात हंगामी पिकाला पेरणीआधी साधारण २ वर्षं, बारमाही झाडांना पहिल्या काढणीआधी ३ वर्षं रूपांतराची, म्हणजे रासायनिकवरनं सेंद्रियवर यायची, धरतात. वहीत नोंद नसेल तर ती मोजणार कुठनं? एकट्याला खर्च परवडत नसेल तर पीजीएस, म्हणजे शेतकऱ्यांनीच एकमेकांची हमी द्यायची पद्धत बघा, त्यात किमान ५ शेतकऱ्यांचा गट लागतो आणि एकमेकांची शेतं आपणच तपासायची. आमची पहाणी, म्हणजे सातबारासारखा जमिनीचा कागद, कन्नडात, अर्जही कन्नडात. मी पुतण्याला घेऊन गेलो, तो कन्नड शाळेत शिकलेला.

या रूपांतराच्या काळात पिकाचा उतारा घटतो आणि भाव मात्र साधाच मिळतो. माझी एकरी १८ पोती ११ वर आली, भांगलणीची मजुरी वाढली ती वेगळीच. म्हणून सगळं शेत एकदम काढू नका.

खालचा तुकडा अजून रासायनिकच आहे. वरच्या शेजाऱ्याला गटात येतोस का विचारलं, तर म्हणतो, "आधी तुमची तिसऱ्या वर्षाची मळणी होऊ दे."