स्विचचा मॅक तक्ता: निदान करताना या चुका टाळा

अंधेरी असो वा लोअर परळ, ऑफिसातले नेटवर्क अडले की स्विच (संगणक, प्रिंटर वगैरे केबलने एकमेकांना जोडणारे उपकरण) बंद करून चालू करणे हा पहिला उपाय ठरलेला असतो. त्याने मॅक तक्ता, म्हणजे कोणत्या उपकरणाचा हार्डवेअर पत्ता (मॅक पत्ता) कोणत्या पोर्टवर आहे याची स्विचमधली यादी, रिकामा होतो, थोडा वेळ सगळे सुरळीत चालते आणि बिघाडाचा पुरावा मात्र पुसला जातो. म्हणून आधी ‘शो मॅक अ‍ॅड्रेस-टेबल’ ही किंवा आपल्या स्विचवरची तशीच आज्ञा देऊन तक्ता जतन करावा.

स्विच कोणालाही पत्ता विचारत नाही. पोर्टवर आलेल्या फ्रेममधला (माहितीच्या पाकिटातला) पाठवणाऱ्याचा ४८ बिटांचा पत्ता वाचून तो पोर्ट आणि व्हीलॅन (स्विचवर आखलेला नेटवर्कचा स्वतंत्र गट) यांसह नोंदवतो. ज्याला फ्रेम पोहोचवायची त्याचा पत्ता तक्त्यात नसेल, तर ती आलेला पोर्ट सोडून त्या व्हीलॅनच्या बाकी सर्व पोर्टांवर पाठवतो. त्यामुळे पत्ता दिसत नाही म्हणजे केबल तुटली, असे लगेच ठरवू नये. गप्प बसलेल्या प्रिंटरला आधी पिंग करावे, म्हणजे उत्तर मागणारा छोटा संदेश पाठवावा, आणि मग तक्ता पाहावा.

मॅक तक्त्यातल्या नोंदीची मुदत बहुधा ३०० सेकंद असते, तर सिस्को राउटरवरची एआरपी नोंद (कोणत्या आयपी पत्त्याचा मॅक पत्ता कोणता, ही नोंद) मूळ मांडणीत चार तास टिकते. परिणामी, केवळ माहिती स्वीकारणाऱ्या सर्व्हरची मॅक नोंद पुसली गेली तरी राउटर त्याच पत्त्यावर फ्रेम पाठवत राहतो आणि त्या सगळीकडे पसरतात. अशा वेळी एआरपीची मुदत मॅक नोंदीच्या मुदतीपेक्षा कमी ठेवणे हा उपाय मला सर्वांत स्वच्छ वाटतो. मॅक नोंदीची मुदत शून्य करून नोंदी गोठवू नयेत.

एकच पत्ता दोन पोर्टांवर आलटून पालटून दिसत असेल, तर स्विचने दिलेली तशी सूचना दाबून टाकणे ही सर्वांत महागात पडणारी चूक. वायफायवर फिरणारा फोन किंवा सर्व्हरची चुकीची टीमिंग (अनेक नेटवर्क जोडण्या एकत्र वापरण्याची मांडणी) हे कारण असू शकते. मात्र अनेक पत्ते एकदम उड्या मारू लागले, तर बहुधा लूप असतो, म्हणजे फ्रेम गोल फिरत राहतील अशी जोडणी झालेली असते. सोसायटीच्या सीसीटीव्हीसाठी बसवलेल्या साध्या स्विचची दोन्ही टोके एकाच नेटवर्कला जोडली गेली की हेच घडते. जादा केबल काढावी, लूप रोखणारी स्पॅनिंग ट्री ही स्विचमधली सोय चालू ठेवावी.

पोर्ट सिक्युरिटी (पोर्टवर ठरावीक मॅक पत्त्यांनाच परवानगी देणारी सोय) असलेल्या ऑफिसात टेबले हलवली, तर जुन्या पोर्टवरची स्टिकी नोंद, म्हणजे स्विचने आपोआप शिकून कायम ठेवलेला पत्ता, आधी काढावी. अन्यथा नवा पोर्ट बंद पडू शकतो. फोनची नोंद मात्र मॅक पत्त्यावरून ठेवूच नये, कारण अँड्रॉइड १० पासून यादृच्छिक पत्ते सर्रास वापरले जातात. सोळा-आधारी (०–९, ए–एफ) अंकांत लिहिलेल्या अशा पत्त्याचे दुसरे चिन्ह २, ६, ए किंवा ई असते.