भाड्याने देण्यासाठी घर घेताय? आधी आपल्याला किती झेपेल ते असं तपासा

बडोद्यात कुणाच्या हाती निवृत्तीची रक्कम आली की नातेवाइकांचा सल्ला ठरलेला असतो: गोत्रीकडे नाहीतर वाघोडिया रोडला एक फ्लॅट घेऊन टाका, भाडं येत राहील. घेऊ नका, असं मी म्हणणार नाही. पण घरं बघायला निघण्याआधी आपल्याला किती धोका सोसवतो ते वहीत आकडे मांडून तपासा. मनाला विचारलं तर ते नेहमी हो म्हणतं.

पहिलं काम सहा महिन्यांचं. कर्जाचा जो हप्ता बसणार असेल, तो आजपासून दर महिन्याच्या पाच तारखेला वेगळ्या खात्यात टाका. भाडं शून्य धरा. दिवाळीला किंवा मुलांच्या फीला त्या खात्यात हात घालावा लागला, तर कर्जाचा आकडा तिथेच कमी करा. नाही लागला, तर साठलेली रक्कम पुढे रिकाम्या महिन्यांसाठी कामाला येते.

मग व्याज वाढवून बघा. ही पायरी कृपा करून गाळू नका. एप्रिल २०२२ मध्ये रेपो दर (रिझर्व्ह बँक ज्या व्याजाने बँकांना पैसे देते तो, तो वाढला की घरकर्जाचं व्याजही वाढतं) ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ मध्ये तो ६.५ झाला. धरा, ३० लाखांचं वीस वर्षांचं कर्ज ६.५ टक्क्यांनी घेतलंत. हप्ता साधारण २२,४०० रुपये. लगेच दर ९ टक्क्यांवर गेला, तर महिन्याचं नुसतं व्याजच २२,५०० होतं! जुना हप्ता व्याजालाही पुरत नाही. नवा २७,००० च्या घरात जातो. हा फरक भाडेकरू भरत नाही, त्याचं भाडं अकरा महिन्यांच्या करारात बांधलेलं असतं. म्हणून बँकेनं सांगितलेल्या दरात अडीच टक्के मिळवून हप्ता काढा, आणि पगारातून किंवा पेन्शनमधून तो निघेल का ते बघा.

भाडंही बारा महिन्यांचं धरू नका. फतेगंजात विद्यार्थी ठेवलेत, तर परीक्षा संपल्या की घर रिकामं होऊ शकतं. मी दहाच महिने धरते, त्यातून वेरा (म्हणजे घरपट्टी), मेंटेनन्स आणि रंगकाम वजा करते.

आता विकायची वेळ आली तर? अडीनडीला थोडे शेअर विकता येतात, घराची एक खोली विकता येत नाही. घेताना भरलेलं ४.९ टक्के मुद्रांक शुल्क परत येत नाही. (घर बाईच्या नावावर घेतलं तर गुजरातेत एक टक्का नोंदणी फी वाचते, ती जरूर वाचवा.) शहराच्या काही भागांत अशांत धारा (मालमत्तेच्या विक्रीवर नियंत्रण ठेवणारा गुजरातचा कायदा) लागू आहे, तिथे दस्तावेजाआधी कलेक्टरची परवानगी लागते आणि त्यात वेळ जातो. आजारपणासाठी किंवा मुलीच्या लग्नासाठी ठेवलेला पैसा यात घालू नका.

राहिली विश्वामित्री नदी. ऑगस्ट २०२४ मध्ये धोक्याची पातळी २५ फूट असताना पाणी ३५ फुटांच्या वर गेलं होतं. समा, अकोटा किंवा नदीजवळ कुठेही घर बघायला जाल, तेव्हा दलालाला पुढे जाऊ द्या आणि तळमजल्यावरच्या रहिवाशाला विचारा, पाणी कुठवर आलं होतं? तो भिंतीवर हात ठेवून दाखवेल.