सुट्टी, रजा आणि खाडा: इंग्लंडला निघालेल्या आपल्या पोरापोरींसाठी

पोळ्याला इंग्लंडहून गावी आलो की दारव्हा तालुक्यातली दोन-चार पोरं भेटायला येतातच. थंडी, घरभाडं, जेवण, सगळं विचारतात. सुट्टीचे शब्द मात्र कोणी विचारत नाही, आणि पहिल्याच वर्षी माझी नोकरी जाता जाता राहिली ती त्याच शब्दांपायी.

बहिणीचं लग्न होतं. मी सुपरवायझरला म्हणालो, 'आय ॲम लीव्हिंग फ्रॉम मंडे.' मला सांगायचं होतं, सोमवारपासून रजेवर जातो. त्याला कळलं, सोमवारपासून काम सोडतो. दोन दिवसांनी राजीनाम्याचे कागद समोर आले. व्हिसा त्याच नोकरीवर होता, त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. 'ऑन लीव्ह' म्हणा. रजेसाठी 'लीव्हिंग' कधीच म्हणू नका.

लीव्ह म्हणजे मुळात परवानगी. आपल्याकडे पाहुणा 'रजा द्या' म्हणून उठतो, तेव्हा तोही परवानगीच मागतो. व्हिसाच्या कागदांत 'लीव्ह टु रिमेन' असतं. ते मी फोनवर वाचून दाखवलं तर बाबा घाबरले, "काहून रे, जा म्हणते का राहा म्हणते?" राहाच म्हणते, बाबा. ती राहण्याची परवानगी आहे.

आता हॉलिडे. आपल्याला हॉलिडे म्हटलं की कॅलेंडरवरची लाल तारीख दिसते. तिथं 'आय ॲम ऑन हॉलिडे' म्हणजे मी माझ्या हक्काच्या रजेवर आहे, मग फिरायला जा नाही तर घरी झोपा. लाल तारखेला ते बँक हॉलिडे म्हणतात. 1871 च्या कायद्यानं त्या दिवशी बँका बंद ठेवल्या, ते नाव चिकटलं ते चिकटलं. इंग्लंड-वेल्समध्ये असे दिवस वर्षाला साधारण 8. पण दवाखाना, केअर होम, गोदाम त्या दिवशीही चालू असतं. रोटावर, म्हणजे ड्युटीच्या तक्त्यावर, नाव असलं की जावं लागतं, आणि जास्तीचा पगार करारात लिहिला असेल तरच मिळतो.

आठवड्याला पाच दिवस काम असेल तर कायद्यानं वर्षाला किमान 28 दिवस पगारी रजा. बँक हॉलिडे यात धरले आहेत की वेगळे, हे सही करायच्या आधी विचारा, कारण फरक थेट 8 दिवसांचा पडतो. पोळा, दिवाळी यातूनच भागवायची. करारात वेगळं काही नसेल तर जितके दिवस हवेत त्याच्या दुप्पट दिवस आधी सांगावं लागतं: 10 दिवसांच्या रजेला 20 दिवस आधी.

व्हेकेशन हा अमेरिकेचा शब्द. इंग्लंडमध्ये समजतो, बोलत नाहीत.

आठवड्याची सुट्टी म्हणजे 'डे ऑफ'. उलटा करून 'ऑफ डे' म्हटलं, तर आज माझं काही जमत नाही असा अर्थ होतो. आपल्या जिल्हा परिषदेच्या मास्तरांची सीएल, म्हणजे किरकोळ रजा, तिथं नाही. आजारी असाल तर 'ऑफ सिक', आणि फोन पहिल्याच दिवशी करायचा. 7 दिवसांपर्यंत डॉक्टरचा कागद लागत नाही, पण त्यात रविवारही मोजतात. पुढं फिट नोट, म्हणजे तोच कागद, लागते.

राहिला खाडा. सालदाराचा खाडा मालक वहीत मांडतो आणि पैसे कापतो, विषय संपतो. स्पॉन्सरच्या, म्हणजे कंपनीच्या नोकरीवर मिळालेल्या, व्हिसावर तो तिथं संपत नाही. न विचारता कामाचे सलग 10 पेक्षा जास्त दिवस गैरहजर राहिलात, तर कंपनीला ते होम ऑफिसला, म्हणजे व्हिसा देणाऱ्या सरकारी खात्याला, कळवावंच लागतं. गावात लग्न लांबलं, आईला यवतमाळला भरती केलं, विमान चुकलं, काहीही होवो, त्याच दिवशी ईमेल टाका. 'लीव्ह' वाढवून हवी असं स्पष्ट लिहा, आणि 'हो' म्हणून आलेलं उत्तर जपून ठेवा. फोनवरचं 'ओके' नंतर दाखवता येत नाही.