कुपीतल्या चिठ्ठ्या कोऱ्या निघाल्या तेव्हा

मुंग्या ओळखायला म्हणून गोळा करू लागलो, त्या पहिल्याच पावसाळ्यात आंबोलीहून अल्कोहोलमध्ये ठेवलेल्या मुंग्यांच्या बावीस कुप्या आणल्या. घरी येऊन बघतो तर बॉलपेनने लिहिलेल्या चिठ्ठ्या कोऱ्या! अल्कोहोलने शाई पार विरघळवली होती. मुंगी हातात होती, पण झाडावरची की दगडाखालची, कळायला मार्ग नव्हता. इतके जीव उगाच मारले, हे फार लागलं मनाला.

तेव्हापासून चिठ्ठी जाड कागदाची, शिसपेन्सिलीने लिहिलेली आणि कुपीच्या आतच टाकतो. ठिकाण, तारीख, झाड की माती. ग्राफाइट अल्कोहोलमध्ये विरघळत नाही. एका कुपीत एकाच वसाहतीच्या मुंग्या, आणि लहान-मोठ्या दोन्ही कामकरी घ्यायच्या. मुंगळ्यांमध्ये डोकं इतकं लहानमोठं असतं की एकाच जातीच्या दोन जाती वाटतात.

ओळखताना आधी दहापट भिंगातून कंबर बघा. मुंगळ्याच्या कंबरेला एकच गाठ. क्रेमॅटोगॅस्टर या कुळीतल्या मुंगीच्या कंबरेला दोन, आणि दुसरी गाठ पोटाला वरच्या अंगाने जोडलेली. म्हणून तर ती चिडली की पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचं पोट थेट डोक्यावर उचलते. काय सुंदर दिसतं ते! पण हे जिवंतपणीच बघून चिठ्ठीवर टिपायचं. कुपीत गेल्यावर दिसत नाही.