आई आकडा ओरडतात, मी ठोसा मारते

आमचा डोंबिवलीतला हॉल दहा बाय अकराचा. सोफा, टीव्हीचं कपाट आणि आईंची, म्हणजे सासूबाईंची, खाट वजा केली की मधे तीन लाद्या लांब आणि दोन लाद्या रुंद एवढी जागा उरते. लादी दोन फुटी. बॉक्सिंगच्या क्लासला दोन वर्षं जात होते. नोकरीची वेळ बदलली आणि तो सुटला. आता पहाटे पावणेसहाला मी या सहा लाद्यांत उभी राहते. तेवढी जागा पुरते.

पाय आधी. लाद्यांमधली एक रेघ धरा. डावं पाऊल रेघेच्या डावीकडे पुढे, उजवं पाऊल उजवीकडे मागे, दोन्हींत खांद्याएवढं अंतर. दोन्ही पावलं एकाच रेघेवर आली तर ठोसा मारताना तोल जातो. उजवी टाच किंचित वर, गुडघे सैल, हनुवटी खाली, मुठी गालांशी. डावखुऱ्यांनी सगळं उलट धरायचं. योगा मॅट मात्र गुंडाळून ठेवा. तिच्यावर पाऊल चिकटून बसतं, कंबर वळते आणि सगळा पीळ गुडघ्यात जातो. मी पातळ तळाचे जुने कॅनव्हासचे बूट घालते, खालच्या मजल्यावरच्यांची तक्रारही येत नाही.

आकडे असे: डावा सरळ ठोसा, जॅब, म्हणजे एक. उजवा सरळ, क्रॉस, दोन. डावा हुक, म्हणजे कोपर वाकवून बाजूनं मारलेला ठोसा, तीन. उजवा हुक चार. डावा अपरकट, म्हणजे खालून वर जाणारा, पाच. उजवा अपरकट सहा. सगळीकडे हेच आकडे चालतात असं नाही. न्यूयॉर्कचे प्रशिक्षक कस डी'अमाटो यांची मोजणी निराळी होती, त्यांच्याकडे जॅब सातवर होता. त्यांचा बॉक्सर होसे टोरेस १९६५मध्ये विली पास्त्रानोशी लढला, त्या लढतीसाठी डी'अमाटोंनी गाद्या बांधून त्यावर माणसाची आकृती आणि आकडे काढले होते. तिचं नाव पडलं विली बॅग. हे वाचून मीही माळ्यावरची कापसाची गादी भिंतीला उभी केली आणि मनगटाला पट्टी न बांधता हाणली. तीन आठवडे लोणच्याच्या बरणीचं झाकण नवऱ्याकडून उघडून घेत होते. तेव्हा घरी हवेतच मारा. हवेत मारतानाही कोपर शेवटपर्यंत ताठ करू नका, झटका बसतो. आणि हातात डंबेल घेऊन ठोसे नकोत. वजन हाताला खाली ओढतं, पुढे नाही.

पहिला आठवडा फक्त एक-दोन. कंटाळा येईल, येऊ दे. एकला डावा खांदा हनुवटीला टेकला पाहिजे आणि मूठ अगदी शेवटी वळली पाहिजे. दोनला उजवं पाऊल चवड्यावर फिरतं, पायाखाली बिडी विझवतात तसं. ते फिरलं नाही तर ठोसा नुसत्या दंडाचा होतो. प्रत्येक ठोशाला नाकातून छोटा श्वास, ‘फुस्’.

मग एक-दोन-तीन. दोन मारून झाल्यावर अंगाचा भार डाव्या पायावर आलेला असतो, तिथूनच तीन निघतो आणि भार पुन्हा उजवीकडे नेतो. तिथून परत दोन तयार. झोपाळ्यासारखं आहे हे. म्हणून जोड्या बहुतेक डावा-उजवा-डावा अशा असतात. एक-दोन-तीन-दोन जमलं की एक-सहा-तीन-दोन करून बघा. हुकला कोपर मुठीच्या उंचीवर हवं. ते खाली लोंबलं की हुक अर्धवट अपरकट होतो.

खरी मेख मात्र हात परत येण्यात आहे. ठोसा गेला कसा हे आपण आरशात बघतो, तो घरी कुठल्या वाटेनं आला ते बघत नाही. माझी चूक आईंनी पकडली. खाटेवर मेथी निवडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "अगं, तो डावा हात पोळी उलटायला गेल्यासारखा खाली का येतो?" खरंच होतं. जॅब जायचा सरळ आणि यायचा पोटावरून. तेवढ्या वेळात समोरच्याचा उजवा हात माझ्या गालावर. मग खिडकीच्या गजापासून दाराच्या कडीपर्यंत कपड्यांची दोरी बांधली, हनुवटीच्या जरा खाली. ठोसा दोरीवरून जायचा आणि दोरीवरूनच यायचा. आईंनी दोरीला किल्ल्यांचा जुडगा अडकवला. हात लोंबला की खळखळ. पहिल्या दिवशी शेजारीण विचारायला आली, कुणाला कुलूप सापडत नाहीये का.

उजव्या हातासाठी गाल आणि मुठीच्या मधे नॅपकिनची घडी धरा आणि नुसते जॅब मारा. घडी पडली म्हणजे मूठ गालावरून सुटली.

वेळेचं म्हणाल तर दोन मिनिटं मारायचं, एक मिनिट थांबायचं, असे तीन राउंड. ऑलिम्पिकमध्ये तीन-तीन मिनिटांचे तीन असतात; तिथवर मला चार महिने लागले. थकल्यावर वेग कमी करा, पण हात खाली येऊ देऊ नका.

आता जोड्या पाठ झाल्यात, म्हणून आकडे आई सांगतात. हाउजी खेळून खेळून त्यांचा आवाज तयार आहे. "एक-दोन! एक-सहा-तीन-दोन!" मधेच "शून्य!" म्हणतात. शून्य म्हणजे गुडघ्यांत वाकून खाली जायचं. कंबरेत वाकायचं नाही, नजर समोरच ठेवायची. हा आकडा आईंचा स्वतःचा, आणि तो त्या कधी टाकतील याचा नेम नाही. परवा दारात दूधवाल्याशी हिशोब करत होते, मागून "शून्य!" ऐकलं आणि मी पिशवीसकट खाली बसले.